एवर्टच्या शेडमधला उजेड

एवर्ट नीहोल्मची शेड ऑगस्टअखेर उभी राहिली आणि तिच्यात आता फक्त दिवे लावायचे उरले. हा 'फक्त' एवर्टचा. त्याच्या बायकोने, मायवोरने, तो शब्द ऐकला आणि ती विणकामाच्या सुईवरचे टाके मोजत राहिली. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याच्या 'फक्त'चं वजन बरोबर कळतं.

शेड मात्र झकास झाली होती. पाच मीटर लांब, तीन मीटरला जरा कमी रुंद, तांबड्या भिंती, कोपऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या, दार तळ्याकडे आणि एक मोठी खिडकी रस्त्याकडे. आत कापकामाच्या लाकडी घोडीवर पाइनच्या लांबलचक फळ्या पहुडल्या होत्या. गाठ म्हणून नाही, रेषा कशा सरळ. जंगलापलीकडच्या लाकूडगिरणीवाल्याने दोन वर्षं निवडून निवडून त्या बाजूला ठेवल्या होत्या. त्यांची होडी व्हायची होती, सव्वाचार मीटरची, सपाट बुडाची, वल्ह्यांनी चालणारी. एवर्ट ती एकतीस वर्षं बांधत होता. डोक्यात, अर्थात. भूमापन कार्यालयात दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी आखण्यात त्याचा जन्म गेला, आणि त्याच्या टेबलाच्या तळच्या खणात कायम या होडीचा नकाशा असायचा. जेवणाच्या सुट्टीत खण उघडायचा, एक बाकदार रेघ खोडायची, दुसरी काढायची, खण बंद करायचा. एप्रिलमध्ये तो निवृत्त झाला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला रंधा भेट दिला आणि बजावलं, "पुढच्या जूनमध्ये, मिडसमरच्या सणाला, तुझ्या होडीतून फिरवायचं हं आम्हाला!" एवर्ट हसला. मग त्याने केकचा दुसरा तुकडा घेतला.

आता उजेडाशिवाय सुतारकाम होत नाही, हे कोणीही कबूल करील. त्यातून आमच्याकडे, उत्तरेच्या देशात, नोव्हेंबर लागला की दुपारी तीनलाच दिवस गाशा गुंडाळतो. तेव्हा आधी दिवे आणि मग होडी, यात एवर्टचं काही चुकत होतं असं मला तरी वाटत नाही. मायवोरचा सल्ला एका ओळीचा होता.

"एक बल्ब लाव आणि सुरू कर."

हा सल्ला इतका बाळबोध होता की एवर्टने सरळ कोट चढवला. तो शहरातल्या दिव्यांच्या दुकानात गेला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तरी त्याने दाराजवळच्या यंत्रातून रांगेचा कागद काढला, सत्तेचाळीस नंबर आला, आणि भिंतीवर सत्तेचाळीस आकडा लागेपर्यंत तो शांतपणे झुंबरांखाली उभा राहिला. विक्रेत्या बाईंनी बटण दाबून आकडा बदलला आणि मग त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवर्टने शेडसाठी दिवे मागितले.

"काय काम करणार आहेस शेडमध्ये?" बाईंनी विचारलं. आमच्याकडे अनोळखी माणसालाही 'तू'च म्हणतात.

"होडी बांधणार."

"अरे वा! कुठवर आली?"

"दिव्यांसाठी अडली आहे," एवर्ट म्हणाला, आणि त्याला एकदम फार बरं वाटलं.

महिन्याभरात परत करता येतील अशा बोलीवर तो चार दिवे घेऊन आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून, अंगणातून फिरवून, त्याने ती शेडमध्ये नेली आणि रोज संध्याकाळी एकेक दिवा लावून पाहायला लागला. ते दिवस, खरं सांगायचं तर, एवर्टच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. पिवळसर बल्बाखाली तो स्टुलावर बसायचा, आणि फळ्यांच्या जागी त्याला हळूहळू होडी दिसू लागायची. तेल पाजलेली, मधासारख्या रंगाची, तळ्याच्या वासाची. तिच्यात मायवोर पाठमोरी बसलेली असायची आणि तिचा हात पाण्यात असायचा. दुसऱ्या दिवशी जरा पांढरट दिवा लावला की होडीही बदलायची. ती सडपातळ, तरतरीत, वल्ह्याच्या एका ओढीत बेटापर्यंत जाणारी. तिसऱ्या दिव्यावर हिरवट काचेची टोपी होती. त्याच्याखाली होडी बांधून पन्नास वर्षं झाल्यासारखी दिसे, आणि तिच्यात कोणाची तरी नातवंडं उड्या मारत असत. प्रत्येक दिव्याखाली निराळी होडी, आणि प्रत्येक होडी अशी की पाहत राहावं. आता अशा माणसाने दिवा निवडायचा तरी कसा?

शेजाऱ्यांना ही अडचण कळायला वेळ लागला नाही. पलीकडच्या घरातला टूरे ब्योर्केग्रेन हा शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. विद्यार्थी सुटले, टूरेचं शिकवणं काही सुटलं नव्हतं. त्याच्याकडे उजेड मोजायचं एक यंत्र होतं, आणि गेली अकरा वर्षं ते यंत्र योग्य प्रसंगाची वाट पाहत होतं. तो आला, फळीवर यंत्र ठेवलं, भुवई उंचावली.

"नव्वद! अरे, नव्वद लक्समध्ये गाईसुद्धा रवंथ करत नाहीत. तुला पाचशे पाहिजेत, कमीत कमी. शिवाय दोन्ही बाजूंनी. एका बाजूने आला तर करवतीची सावली रेघेवर पडणार. मग तू रेघ सोडून बोट कापशील."

"पण पिवळ्या उजेडात लाकडाचा रंग फार सुरेख..."

"लाकूड कापायचंय की त्याचं चित्र काढायचंय?"

समोरच्या रांगेतली वीवेका श्योस्ट्रांड ही आमच्या रस्ता मंडळाची अध्यक्ष. खडीचा एक रस्ता आणि त्याच्यावरची अकरा घरं, असा तिचा कारभार, पण तो ती राज्य चालवल्यासारखा चालवायची. तिने छताकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थेट खिडकीपाशी गेली.

"हिच्यात दिवा कुठाय?"

"वीवेका, ही शेड आहे."

"खिडकी आहे ना? रस्त्यावरच्या झाडून सगळ्या खिडक्यांत दिवा आहे. ही एकच काळी. परवा मी कुत्र्याला घेऊन जात होते, मला वाटलं तुमच्याकडे कोणी गेलं की काय." तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच एक छोटासा, फुलाफुलांच्या कापडी टोपीचा दिवा आणून खिडकीच्या फळीवर ठेवला. करवती, रंधा, पटाश्या आणि त्यांच्यामध्ये तो फुलांचा दिवा. एवर्टला तो काढून टाकायचं धाडस झालं नाही.

शेवटी कायमची वायर टाकायची ठरली. ती काही आपली आपण टाकता येत नाही, त्याला नोंदणी झालेला वीजतंत्रज्ञ लागतो. आमच्या भागात ते काम सीव हेग्लुंड करते. पन्नाशीची बाई, बोलते कमी आणि येते त्याहून कमी. सात आठवड्यांनंतरची तारीख देऊन तिने फोनवर फॉर्म भरायला घेतला.

"इमारत?"

"शेड."

"शेजारच्या हद्दीपासून अंतर?"

"साडेचार मीटर," एवर्ट म्हणाला. नियमात तेवढं लागतंच. पण फोन ठेवल्यावर त्याच्या मनात किडा वळवळला. जन्मभर हद्दी मोजलेला माणूस 'साडेचार' असं मोघम बोलून स्वस्थ बसेल कसा? तो टेप घेऊन बाहेर गेला. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. मग तळघरातून ऑफिसातला जुना लोखंडी टेप काढून तिसऱ्यांदा मोजलं. चार मीटर बेचाळीस सेंटिमीटर!

आठ सेंटिमीटर! त्या दिवशी एवर्ट नीट जेवला नाही. गावातल्या निम्म्या कुंपणांची जागा ज्याने ठरवून दिली, ज्याच्या एका रेघेवर कधी कोणी बोट ठेवलं नाही, त्याचीच शेड शेजाऱ्याच्या बाजूला आठ सेंटिमीटर सरकलेली! दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. टूरेला पुढची शंभर वर्षं कळलं नसतं. पण एवर्टने नगरपालिकेला पत्र लिहिलं आणि सोबत आराखडा जोडला.

दहा दिवसांनी फोन आला. पलीकडे एक तरुण कारकून होती, आवाजात दिलगिरी.

"एवर्ट नीहोल्म? तुझ्या शेडविरुद्ध तक्रार आली आहे."

"हो. ती मीच केली आहे."

पलीकडे बराच वेळ कागदांची सळसळ झाली. "म्हणजे तक्रारदारही तूच आणि... अच्छा. मग तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं का? तशी सोय आहे आमच्याकडे."

"कोणापासून गुप्त?"

"तुझ्यापासून," ती म्हणाली आणि मग तिलाच ते पटेनासं झालं. शेवटी असं निघालं की शेजाऱ्याची लेखी संमती आणली की झालं, तक्रारदाराचं समाधान झालं असं ते नोंदवतील. तक्रारदाराचं समाधान झालं का, हे विचारायला ती पुन्हा फोन करणार होती. एवर्टने दोन्ही बाजूंनी होकार दिला.

राहिली टूरेची सही. टूरेने कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच एवर्ट त्याच्या हातात सापडला होता.

"आठ सेंटिमीटरचं काही नाही रे. गवतच आहे तिथे. पण माझ्या हद्दीला खेटून पाचशे लक्सहून कमी उजेडात काम चालणार असेल तर माझं मन धजत नाही. उद्या तुझं बोट तुटलं तर मलाच गाडी काढायची आहे."

म्हणून मग नोव्हेंबरच्या मध्यावर सीव आली तेव्हा तिच्या हातात टूरेने काढलेली आकृती होती. छताला लांबलचक सहा एलईडी ट्यूब, दोन रांगांत. पिवळ्या नाहीत, निळ्या नाहीत, दिवसाच्या उजेडाच्या. सीवने आकृती पाहिली, शेड पाहिली, एवर्टला पाहिलं. "गाडीची गॅरेजं केलीत मी याहून कमी दिव्यांत," एवढंच म्हणून तिने काम केलं. संध्याकाळी चारला तिने बटण दाबलं.

उजेड कसला, साक्षात उघडं पडणं होतं ते. कोपऱ्यातला कोळी जाळं सोडून पळाला. फळ्यांवरच्या रेषा न् रेषा दिसू लागल्या, रंध्याची धार दिसू लागली, एवर्टच्या हातावरचे डाग दिसू लागले. टूरेने यंत्र ठेवलं आणि तो ऊर भरून आल्यासारखा म्हणाला, "सहाशे वीस!"

आता सगळं झालं होतं. वायर होती, परवाना होता, दिवे होते, सावली कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एवर्ट शेडमध्ये गेला, त्याने बटण दाबलं आणि तो स्टुलावर बसला. फळ्यांकडे पाहिलं. फळ्या होत्या. तो थोडा वेळ थांबला. होडी काही आली नाही. मधाच्या रंगाची नाही, सडपातळ नाही, नातवंडांची तर नाहीच. त्या सहाशे वीस लक्समध्ये फळ्या म्हणजे फळ्या होत्या आणि त्या कापायच्या होत्या.

त्याने पेन्सिलीला टोक काढलं. पहिल्या फळीवर रेघ आखली, मोजली, बरोबर होती. पुन्हा मोजली. मग काटकोनासाठी गुण्या लावून पाहिला. करवत हातात घेतली, तिचे दात पाहिले, ती खाली ठेवली. पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. सहा वाजता मायवोरने जेवायला हाक मारली तेव्हा त्याच्या पायाशी पेन्सिलीच्या सालींचा ढीग होता, लाकडाचा भुसा एक चिमूटभरही नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. रस्त्यावरून जाणारे येणारे हात हलवायचे, एवर्टही उलट टेप हलवायचा.

आठव्या दिवशी शेडच्या दाराला चिठ्ठी चिकटवलेली सापडली. अक्षरं मोठी, सुटी, पट्टीने आखून काढलेली. 'नमस्कार! तुमच्या शेडमधला उजेड थोडा जास्त होतो आहे असं वाटतं. कमी करता आला तर फार आनंद होईल. आपला, एक शेजारी.' खाली हसरा चेहरा. आमच्याकडे चिठ्ठीखाली हसरा चेहरा असला की समजावं, लिहिणारा आतून धुमसतो आहे.

एवर्टच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. जन्मात त्याला कोणी अशी चिठ्ठी लावली नव्हती. तो ती घेऊन तडक स्वयंपाकघरात गेला. "वीवेका! नक्की वीवेका! फुलांचा दिवा बाजूला पडला ना, म्हणून!"

"कमी करून टाक ना," मायवोर सिंककडे तोंड करून म्हणाली. "किंवा खिडकीला पडदा लाव."

"पडदा? आणि लोकांनी काय म्हणायचं, नीहोल्म आत काय लपवतोय?"

मायवोर भांडी जरा जोरात घासू लागली.

पण खरी गंमत अशी की रागाचा पहिला भर ओसरल्यावर एवर्टला मनातून बरंच वाटू लागलं. दिव्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला होता! आणि दिव्यांचा प्रश्न सुटल्याशिवाय होडीला हात लावणं म्हणजे आततायीपणा. त्याने उत्साहाने दोन ट्यूब काढल्या. आठवड्याने दुसरी चिठ्ठी आली. 'धन्यवाद! अजून थोडा कमी झाला तर फारच छान. तोच शेजारी.' एवर्टने उरलेल्या चार ट्यूबना बिस्किटं भाजायचा कागद गुंडाळला. लगेच टूरे धावत आला, यंत्र पुढे धरून.

"एकशे दहा! मी सही पाचशेला केली होती, एवर्ट! ही फसवणूक आहे!"

"अरे, शेजाऱ्यांची तक्रार आहे."

"शेजारी मी आहे!"

एवर्ट टूरेसाठी दुपारी कागद काढायचा आणि अनामिकासाठी संध्याकाळी गुंडाळायचा. दिवस कसे भरभर जात होते. दोन कामांच्या मधल्या वेळात तो स्टुलावर बसायचा, आणि कागद गुंडाळलेल्या त्या मऊ उजेडात होडी पुन्हा दिसायला लागली होती. आता तिला एक छोटं शिडही आलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला वीवेकाच्या घरी रस्ता मंडळाची बैठक भरली. बाहेर मिट्ट काळोख, आत मेणबत्त्या, कॉफी आणि केशर घातलेले पाव. बर्फ काढायच्या गाडीचं झालं, खडीचं झालं. 'इतर विषय' आला तसा एवर्ट उभा राहिला. दोन्ही चिठ्ठ्या त्याने प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणल्या होत्या.

"कोणावर आरोप करायचा नाही," तो वीवेकाकडे पाहत म्हणाला. "पण ज्या कोणाला माझ्या उजेडाचा त्रास होतो, त्याने इथे समोरासमोर सांगावं. मी ऐकून घेईन."

मग वीवेका म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मला कसला त्रास? उलट अंधारात रस्ता दिसतो. मी तर मंडळाच्या वतीने तुझे आभार मानणार होते."

एकेक जण सांगू लागलं. कोणालाच त्रास नव्हता. कोणाची मुलं त्या उजेडात सायकल चालवत होती, कोणाला गाडीची किल्ली सापडली होती. टोकाच्या घरातल्या हिल्लेवी आजी, शहाऐंशी वर्षांच्या, कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी तर रोज तुझ्याकडे बघत बघतच जेवते बाळा. टीव्हीपेक्षा बरं, भांडणं नाहीत. तू आपला बसलेला असतोस. मध्ये एकदा उठलास, तर माझा घास हातातच राहिला, म्हटलं, कापतोय की काय! पण पेन्सिल पडली होती."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. वीवेकाने केशरी पावांचं ताट फिरवायला घेतलं. टूरे टेबलावरचे तुकडे बोटाने गोळा करू लागला. ते सगळे इतके सभ्यपणे दुसरीकडे पाहत होते, की एवर्टला तेव्हाच कळलं. अकराच्या अकरा घरांना माहीत होतं. सहाशे वीस लक्समध्ये त्यांनी रोज पाहिलं होतं, की एवर्ट नीहोल्म होडी बांधत नाही. त्याला वाटत होतं, हात हलवून पुढे जाणाऱ्यांना आपण कामात दिसत असू. भूमापन कार्यालयात खण बंद करता यायचा.

तो खाली बसला. "मग विषय मिटला," असं काहीतरी म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. मायवोर कॉफीच्या किटलीत डोकावून पाहत होती, जणू तळाशी काहीतरी पडलं आहे.

दोघं घरी निघाले. खडी पायाखाली कुरकुरत होती, दोन्ही बाजूंना खिडक्याखिडक्यांतून दिवे होते. टूरेच्या फाटकाशी मायवोर थांबली.

"चिठ्ठ्या मी लिहिल्या."

एवर्ट तिच्याकडे पाहतच राहिला. "तू? पण खाली 'शेजारी' लिहिलं होतं!"

"शेजारीच तर झोपते ना तुझ्या." ती हसली नाही. "दुकानात मला विचारायचे, 'आज बसलाय का एवर्ट?' तळ्यावर विचारायचे. चेष्टेने नाही रे, प्रेमानेच. पण मला ते सहन होईना. तू आत काचेत ठेवल्यासारखा दिसायचास. मला वाटलं, उजेड कमी झाला तर निदान लोकांना दिसणार नाही."

"मला तोंडाने का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, दिवे नीट नाहीत."

एवर्ट फाटकाच्या खांबाला हात लावून उभा राहिला. त्याला राग आला होता, आणि रागाच्या खाली लाज, आणि लाजेच्या खाली ती जुनी, एकतीस वर्षांची भीती. ती त्याने कोणालाच सांगितली नव्हती. ती आता आपसूक तोंडातून बाहेर पडली.

"मायवोर, एकदा करवत चालवली की संपलं गं. चुकलं तर चुकलं. डोक्यातली होडी गळत नाही."

"नाही गळत," मायवोर म्हणाली. "पण तिच्यात मला बसता येत नाही."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, टाके मोजतानाचा. एवर्टला एकदम दिसलं की ती त्रेसष्ट वर्षांची आहे. एकतीस वर्षं ती ऐकत आली होती, की पुढल्या उन्हाळ्यात. एकदाही तिने 'कधी' म्हणून विचारलं नव्हतं.

तो घराकडे न वळता शेडकडे वळला. मायवोर मागोमाग आली. आत जाऊन त्याने चारही ट्यूबांचा कागद टरटरा फाडला, काढलेल्या दोन ट्यूब पुन्हा बसवल्या आणि बटण दाबलं. फुलांचा दिवा त्या उजेडात पार दिसेनासा झाला. एवर्टने पहिली फळी ओढली. तिच्यावर इतक्या रेघा होत्या, की खरी कोणती ते शोधायला त्याला चष्मा पुसावा लागला.

"तिकडचं टोक धर. हलू देऊ नकोस."

मायवोरने कोट अंगावरच ठेवला, हातमोजे काढले आणि फळीचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. एवर्टने करवत टेकवली. पहिली ओढ अडखळली. दुसरी बसली. मग लाकडाचा वास सुटला, ताजा, राळेचा, आणि भुसा जमिनीवर पडू लागला. करवत पुढे सरकत राहिली, आणि निम्म्या वाटेवर हळूच, अगदी समजूतदारपणे, रेघ सोडून आत शिरली. एवर्टला ते उशिरा कळलं. तुकडा खाली पडला तेव्हा फळीच्या कडेला बोटभर खोल वाकडी खाच होती. ती फळी होडीच्या कामातून गेली.

एवर्ट तिच्याकडे पाहत राहिला. आता आपल्याला फार वाईट वाटणार, या तयारीने तो थांबला. शेडच्या आठ सेंटिमीटरांनंतर जन्मातली दुसरी चुकलेली रेघ होती ती, तीही सहाशे वीस लक्समध्ये, अकरा घरांच्या डोळ्यांदेखत. पण वाईट वाटणं आलंच नाही. हाताला घाम होता, नाकात भुसा गेला होता आणि त्याला चक्क भूक लागली होती.

"चुकली," तो म्हणाला.

"दिसलं मला," मायवोर म्हणाली. तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर बैठकीहून परतणारे लोक रस्त्यावर घोळक्याने थांबले होते, टूरे यंत्राविनाच पुढे उभा होता, आणि हिल्लेवी आजींना वीवेकाने हाताला धरलं होतं. "सगळ्यांना दिसलं."

एवर्टने त्यांच्याकडे बघून करवत हलवली, आणि दुसरी फळी उजेडात ओढली.